कोमट बाटली

१८ ऑगस्ट २०२४

चि. सुनील,

आशीर्वाद लिहिलाय. तो ठेवून घ्यायचा की पाकिटासकट परत पाठवायचा, ते तू ठरव. आठ वर्षांत तू माझा फोन एकदाही उचलला नाहीस, म्हणून हे पत्र. भिंगारचा पत्ता आईकडून घेतला. तुझे फोन तिला येतात आणि मी घरात शिरलो की ती “बरं, ठिवते” म्हणून मोबाईल पदराखाली सारते, हे मला ठाऊक आहे. मी काही बोलत नाही.

तुझी पुतणी नंदिनी आजारी आहे. तू गेलास तेव्हा चार वर्षांची होती, तुझ्या मोटरसायकलच्या टाकीवर बसून गावभर फिरायची. आता बारा वर्षांची आहे, सातवीत. उन्हाळ्यात तिचे सांधे दुखायला लागले आणि दोन्ही गालांवर लाल चट्टे उठले. आई म्हणाली, अंगात ताकद नाही पोरीच्या, रोज सकाळी कोवळ्या उन्हात बसवा. दीड महिना बसवली. ऊन सरकेल तशी मी स्वतः तिची खाट सरकवायचो. मग डोळे सुजले, पाय सुजले आणि लघवीला फेस यायला लागला, धार काढताना किटलीत येतो तसा.

पुण्याच्या डॉक्टरबाईंनी सुईनं मूत्रपिंडाचा एवढासा तुकडा काढून तपासला. आजाराचं नाव ल्युपस. त्यांनी मला समजेल असं सांगितलं. म्हणाल्या, रक्तातले जे शिपाई बाहेरच्या रोगाशी लढायला ठेवलेले असतात, ते घरच्याच माणसांना चोर समजून मारायला लागतात. हिच्या मूत्रपिंडांवर ते धावून गेलेत. दुखणं चौथ्या वर्गाचं आहे, म्हणजे गंभीर. वेळेत आवरलं तर मूत्रपिंडं वाचतील, नाही तर डायलिसिस. आणि ऊन म्हणजे या आजाराला विष. हे ऐकल्यावर आई दोन दिवस जेवली नाही. मीही तिला जेव म्हणालो नाही, कारण खाट तर मीच सरकवत होतो.

घाबरू नकोस, तुझं मूत्रपिंड मागायला लिहीत नाही. आई म्हणाली कळव, म्हणून कळवलं.

गहिनीनाथ


२९ सप्टेंबर २०२४

चि. सुनील,

पत्र परत आलं नाही, म्हणजे तू ठेवून घेतलंस. उत्तर आलं नाही, त्याचंही मला नवल नाही. तुझा अबोला लहानपणापासून पक्का. गोट्या हरलास की आठ-आठ दिवस बोलायचा नाहीस.

पुण्यात तीन दिवस सलाईनमधून जोरदार औषध दिलं. आता दर महिन्याला नगरच्या दवाखान्यात एक सलाईन, अशी सहा. शिवाय गोळ्या. त्यांनी नंदिनीचा चेहरा असा फुगलाय की वर्गातल्या पोरी तिला पुरी म्हणतात. ती म्हणते, “म्हनू द्या, मी टम्म फुगलेली पुरी हाय, त्या चपटलेल्या.” वृषाली हसता हसता आत जाऊन डोळे पुसते. जेवणात मीठ नाही. एकट्या पोरीला कसं अळणी वाढायचं, म्हणून घरात सगळेच अळणी खातो. चार दिवसांत आईनं लोणच्याची बरणी शेजारी नेऊन ठेवली आणि आता ती रोज शेजारी बसायला जाते.

डॉक्टरबाईंनी एक वही आणि पट्ट्यांची डबी दिलीय. रोज सकाळची पहिली लघवी बाटलीत घ्यायची, पट्टी बुडवायची, मिनिटभर थांबायचं आणि डबीवरच्या रंगाशी जुळवायचं. पिवळी राहिली तर निल. जितकी हिरवी होईल तितकं अंगातलं प्रोटीन वाहून चाललंय. त्याला एक प्लस, दोन प्लस, तीन प्लस असं वहीत मांडायचं. बाईंनी विचारलं, घरात नेमानं हे कोण करेल? वृषाली माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “ह्यांचा सगळा जल्म लोकांचं दूध तपासन्यात गेलाय.”

खोटं नाही ते. वीस वर्षं संकलन केंद्रावर बसतोय. म्हणून आता पहाटे साडेपाचला घरची तपासणी आणि सहाला गावची. महिनाभर तीन प्लस होतं. परवा पहिल्यांदा दोन आलं. मला बरं वाटलं. गायींना पेंड घालताना मी म्हणे शीळ घालत होतो. नंदिनी दारात येऊन बघत राहिली. म्हणाली, “पप्पा, तुमाला शीळ येती?”

तुला माहीतच आहे येते ते. तूच माझ्याकडून शिकलास.

गहिनीनाथ


१० नोव्हेंबर २०२४

चि. सुनील,

पाकिटावर अहिल्यानगर लिहिलंय, नव्या नावानं. पोचलं तर बरं.

आनंदाची बातमी आहे. दोन प्लसचा एक झाला आणि दिवाळीच्या आधीपासून सलग निल! एकवीस दिवस! केंद्रावर पेढे वाटले. नगरच्या डॉक्टरांना वहीचे फोटो पाठवले, त्यांनी ती चेहरा फुगवणारी गोळी कमी केली. चेहऱ्याची सूज उतरायला लागलीय. नंदिनीला मी म्हणालो, तुझी वही म्हणजे माझ्या नोकरीतली सगळ्यात चांगली वही. ती काही बोलली नाही. लाजली असेल.

आता मन जरा थाऱ्यावर आलंय म्हणून त्या दिवसाचं लिहितो. आठ वर्षं तुझ्या मनात असेल की दादानं भावाची अब्रू घेतली. माझं म्हणणं ऐक. केंद्रावर वीस माणसं रांगेत होती. आपल्या घरची किटली तू आणलीस. मशीननं पाणी दाखवलं, निम्म्याच्या आसपास. आदल्याच दिवशी मी दगडाबाईची किटली परत केली होती, ती म्हातारी रडत गेली होती. मग घरची कशी घेऊ? मी म्हणालो, मशीनला भाऊ नसतो. आणि आणखी एक शब्द बोललो, तो इथे लिहीत नाही. तू किटलीचं झाकण हातात धरून खाली बघत उभा राहिलास. एक शब्द बोलला नाहीस. चूक नसती तर बोलला असतास, असं मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो.

तू आठवड्यात घर सोडलंस. महिन्यानं गावानं मला शाल दिली, घरचं दूध परत करणारा माणूस म्हणून. मी ती मागितली नव्हती.

असो. नंदिनी बरी होतेय. मशीन आणि पट्टी खोटं बोलत नाहीत.

गहिनीनाथ


२२ डिसेंबर २०२४

सुनील,

तीन महिन्यांची मोठी तपासणी पुण्याला झाली. लघवीत प्रोटीन पहिल्याइतकंच. रक्तातलं क्रिएटिनिन एक पूर्णांक आठ, तिच्या वयाला दुपटीहून जास्त. बीपी वाढलाय.

बाईंनी वही आणि रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. म्हणाल्या, “वही निल म्हणते, लॅब म्हणते भरपूर. दोन्ही खरं कसं असेल?” मी म्हणालो, तुमच्या लॅबनं बाटल्या बदलल्या. त्यांनी पुन्हा तपासलं, तेच आलं. मग विचारलं, गोळ्या वेळेवर देता ना? मी वृषालीकडे पाहिलं. सुनील, नुसतं पाहिलं. येताना बसमध्ये सुप्यापर्यंत ती खिडकीबाहेर बघत बसली आणि घरी आल्यावर गोळ्यांची रिकामी पाकिटं माझ्यापुढे ओतली. म्हणाली, “मोजा. तुमाला मोजल्याबिगर माणूस कळत न्हाई.”

मोजली. एकही गोळी चुकलेली नव्हती.

पट्ट्यांची मुदत पाहिली, नवी डबी आणली. रोज निल. पोर मात्र पुन्हा सुजतेय आणि चूक कुठे आहे ते मला दिसत नाही. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. कुणाला सांगू कळेना, म्हणून तुला लिहिलं.

गहिनीनाथ


१९ जानेवारी २०२५

सुन्या,

चूक सापडली. नीट लिहितो, कारण हे मला तुलाच सांगायचंय.

डिसेंबर संपताना गारठा असा पडला होता की गायींच्या तोंडातून वाफ निघत होती. नंदिनीनं न्हाणीघराच्या दारातून बाटली पुढे केली, मी घेतली, आणि बाटली गार लागली. नुसती गार नाही, टाकीतल्या पाण्यासारखी. माझ्या हाताला हे कळतं. आत्ता काढलेलं दूध कोमट असतं, त्यात दुसरं काही मिसळलं तर मशीनच्या आधी हात सांगतो. अंगातून आत्ता निघालेलं गार कसं असेल? ऑक्टोबरात टाकीचं पाणीच कोमट असायचं, तेव्हा कळलं नव्हतं.

मी म्हणालो, “नंदे, ह्यात काय घातलंस?”

ती खाली बघत उभी राहिली. कानटोपी घातलेली, हातात बाटलीचं झाकण. सुन्या, अगदी तुझ्यासारखी. आणि माझ्या तोंडाशी तोच शब्द आला, जो मी तुला वीस माणसांत बोललो होतो. आता लिहून टाकतो. चोर.

कसा कोण जाणे, पण तो मी गिळला. ती फार लहान दिसत होती. मी उंबऱ्यावर बसलो आणि विचारलं, “का गं, बाळा?”

ती झाकण बोटांत फिरवत राहिली. मग म्हणाली, “तुमी आधी पट्टी बघता, मंग माझ्याकडं बघता. पट्टी चांगली आसली तरच चांगलं बघता.”

मी हातातली बाटली खाली ठेवली.

“दोन पिलस आलं तवा तुमी शीळ घातली हुती. मी आजारी पडल्यापसून पयल्यांदा. मला वाटलं, निल आलं तर रोज घालताल.”

“किती पाणी घालायचीस?”

“पयल्यांदी थोडं. मंग समदं पानीच, लगवी नुसती नावाला.”

“हे शिकलीस कुठं?”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच खुळा. “डेरीवर. तुमीच समद्यांना सांगता की, पानी घातलं की डिगरी खाली येती.”

मी तिला जवळ घेतलं आणि रडलो. वृषाली चुलीपासून धावत आली, तिला वाटलं पोरीला काही झालं. मी तिची माफी मागितली, त्या बसमधल्या बघण्याची. ती म्हणाली, “उटा आता, दूधवाले खोळंबलेत.” पण केंद्रावर जाताना मफलर तिनंच माझ्या गळ्यात घातला.

बाईंना त्याच दिवशी फोन केला. मला वाटलं झाडतील. त्या म्हणाल्या, नंदिनीला फोन द्या. तिला म्हणाल्या, तुझी वही बापाला खूश करायला नाही, ती मला तुझं औषध ठरवायला लागते. वाईट आकडा आला तर ते माझं काम, तुझी चूक नाही. पोरीनं “व्हय बाई” म्हणून मान हलवली, फोनवर ती दिसत नाही हे विसरून.

पण त्या अडीच महिन्यांची किंमत आहे. खोट्या वहीवर गोळी कमी झाली आणि आजार उसळला. पुन्हा तीन दिवस पुण्यात सलाईन झालं, दरमहाचं औषध बदललं. मूत्रपिंडांना किती कायमची इजा झाली ते आत्ताच सांगता येत नाही, असं बाई म्हणाल्या. पोर माझ्या शिळेसाठी आपली मूत्रपिंडं घालवायला निघाली होती. हे वाक्य मी तीनदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं.

आता तुझं. नंदिनीला मी विचारलं, का? एका शब्दाचं काम. तुला विचारलं नव्हतं. आठ वर्षं मी सांगत आलो की तू बोलला नाहीस. विचारलंच नव्हतं तर बोलणार काय होतास? मशीननं पाणी आहे एवढं सांगितलं, चोर आहे असं सांगितलं नव्हतं. ते मी माझ्या पदरचं घातलं.

म्हणून आज विचारतो. त्या दिवशी किटलीत पाणी का होतं? उत्तर काही असलं तरी चालेल. द्यायचं नसलं तरी चालेल. विचारायचं राहिलं होतं, ते विचारलं.

सोमवारी दहा फेब्रुवारीला नंदिनीच्या सलाईनसाठी नगरला येतोय. मागच्या दोन खेपांना मी भिंगारच्या वेशीपर्यंत येऊन परत फिरलो होतो. हे तुला सांगणार नव्हतो.

गहिनीनाथ


२ मार्च २०२५

सुन्या,

तू दवाखान्यात आलास तेव्हा मी खाली औषधांच्या रांगेत होतो. वर आलो तर पडद्याआडून तुझा आवाज. पाय तिथंच थांबले. चोरून ऐकणं बरं नाही, पण ऐकलं, आणि काय ऐकलं ते लिहून ठेवतो, म्हणजे उद्या तू नाही म्हणायला नको.

नंदिनीनं विचारलं, “काका, तुमीबी पानी घातलं हुतं?” पत्रं लिहिताना ही मागून वाचत असते, हे मला उशिरा कळलं.

तू म्हणालास, “व्हय. एकडाव.”

“का?”

“एका पोरीनं गोठ्यात नाचता नाचता किटली लवंडली. निम्मं दूध शेणात. पोरगी भ्यायली अन् कडब्यामागं जाऊन लपली. तिच्या बापाचा हात लई चालायचा तवा.”

“मंग?”

“मंग काय, मी नळ सोडला. म्हनलं, आजच्या दिवस भागंल.”

मग बारीक आवाजात म्हणाली, “ती पोरगी मी हुते?”

“छ्या! म्हैस हुती ती. नाव तेवढं राजनंदिनी.”

ती इतकी हसली की नर्सनं येऊन दटावलं, सुई हलेल म्हणून. मी पडद्याबाहेर भिंतीला टेकून उभा होतो. मी तिला मारलं असतं का, असं स्वतःला विचारलं. मारलं असतं, सुन्या. चार वर्षांच्या पोरीला दुधासाठी मारलं असतं आणि म्हणालो असतो, शिस्त लागते. तू तिच्या वाटचा मार वीस माणसांत उभा राहून खाल्लास.

मी आत आल्यावर तू उठलास आणि “दादा, बस” म्हणालास. तू चहा आणायला गेलास तो अर्धा तास आलाच नाहीस. मला वाटलं, गेला हा भिंगारला. पण आलास, चहा पार गार करून, डोळे लाल करून. निघताना मी विचारलं, एवढी वर्षं सांगितलं का नाहीस? तर म्हणालास, “पयल्या दिवशी तिच्यापायी गप बसलो. म्होरं तुझ्या शालीकडं बघून गप बसलो.” बरोबर बोललास. ती शाल आता नंदिनी शाळेत जाताना उन्हासाठी तोंडावर गुंडाळते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिचा काही उपयोग झाला. आणि त्या दिवशीच्या वीस माणसांपैकी जी अजून दूध घालतात त्यांना मी परवा रांगेतच सगळं सांगितलं. दगडाबाई म्हणाली, “मला ठावं हुतं, सुनील तसला न्हवं.” आता ठाऊक होतं तर तेव्हा बोलायचं होतं. पण तिला तरी मी कुठे बोलू दिलं होतं?

नवे रिपोर्ट आले. क्रिएटिनिन एक पूर्णांक दोन. बीपी ताब्यात. बाई म्हणाल्या, औषध लागू पडतंय, पण घाई नको, अजून दोन वर्षं तरी गोळ्या, आणि मूत्रपिंडांवर थोडा वण राहील. वण चालेल म्हणालो.

आज सकाळचं सांगतो आणि थांबतो. नंदिनीनं बाटली दिली. कोमट होती. मी ती हातात धरून तिला विचारलं, झोप लागली का, गुडघे दुखतात का, आज शाळेत काय आहे. ती म्हणाली, “पप्पा, पट्टी बुडवा की आता.” बुडवली. मिनिटभर थांबलो. दोन प्लस. वहीत दोन प्लस लिहिलं आणि गायींना पेंड घालायला गेलो.

मागून तिचा आवाज आला, “पप्पा, दोनच आलंय, तरी शीळ घालता व्हय?”

मी घालतोय हे मला कळलंच नव्हतं.

गुढीपाडव्याला जेवायला ये. जेवण अळणी असेल. आईला सांग, तुझ्यापुरती लोणच्याची बरणी शेजारून आणून ठेवेल.

तुझा,
दादा